माकडताप, आपली गुरे आणि मिरगातले काम

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा. त्यांच्या काजूच्या बागायतीच्या वरच्या अंगाला आठ दिवसांपूर्वी एक वांदर मरून पडलेले सापडले. गोठ्यात तीन संकरित गायी आणि एक पांढरी गावठी गाय. चारही दिवसा डोंगरावर चरतात आणि चारहींच्या अंगावर गोचीड आहेत. रोज काजू गोळा करायला जाणाऱ्या दिराला कालपासून ताप आहे. हा ताप गायींमुळे आला का, दूध प्यावे का, गायी विकून टाकाव्यात का, आणि गोचिडासाठी नेमके काय करावे, असे त्यांनी विचारले आहे.

ताई, बाकीचे नंतर वाचा. दिराला आजच वाळपईच्या सामाजिक आरोग्य केंद्रात घेऊन जा. तिथे गेल्यावर नुसते ‘ताप आहे’ म्हणू नका. काजूत रोज जातो आणि बागायतीजवळ वांदर मेले होते, या दोन्ही गोष्टी डॉक्टरांच्या कानावर घाला. माकडतापात, म्हणजे रानातल्या गोचिडातून माणसाला होणाऱ्या विषाणूच्या तापात, एकाएकी भरून ताप येतो, कपाळ फुटेल असे डोके दुखते, कंबर आणि पोटऱ्या पिळवटून निघतात, डोळे लाल होतात, कधी उलट्या, कधी हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त. प्लेटलेट उतरतात, त्यामुळे पहिल्या नजरेला डेंग्यूच वाटतो. पहिल्या काही दिवसांत रक्तात विषाणूचा अंश सापडतो, पुढे पाचव्या-सहाव्या दिवसापासून प्रतिपिंडांची तपासणी उपयोगी पडते. म्हणून ताप कोणत्या दिवशी सुरू झाला ते लिहून न्या. अंगदुखीसाठी दुकानातून ॲस्पिरिन किंवा डायक्लोफेनॅक आणून देऊ नका, रक्तस्राव वाढतो. या विषाणूवर नेमके औषध नाही, पण सलाईन, रक्तदाब आणि रक्ताच्या तपासण्या वेळेवर सांभाळल्या तर बहुतेक माणसे उठून घरी येतात. शंभरात तीन ते पाच जण दगावतात, तो आकडा उशीर करणाऱ्यांच्या बाजूने झुकतो. बरे वाटल्यावरही तिसऱ्या आठवड्याकडे लक्ष असू द्या. दहा-वीस टक्के रुग्णांना तेव्हा पुन्हा ताप येतो, मान आखडते, हात कापतात, बोलण्यात गोंधळ होतो. तसे दिसले तर पुन्हा डॉक्टर गाठा. घरातल्यांना त्याच्यापासून लागण होत नाही, त्याला वेगळे टाकू नका.

आता गायींकडे येतो. मी गुरांचा डॉक्टर. सत्तरी आणि डिचोलीच्या गोठ्यांत माझी वीसहून अधिक वर्षे गेली. २०१५ साली सत्तरीतल्या पाळी गावात पहिल्यांदा हा ताप निघाला, तेव्हापासून हंगाम आला की गायीवाले मला हेच विचारतात. प्रश्न रास्त आहे. पण त्याचे उत्तर एका ओळीत दिले की माणसे एकतर गायीला घाबरतात, नाहीतर गोचिडाकडे साफ दुर्लक्ष करतात. मला दोन्ही नको आहे, म्हणून थोडे सविस्तर सांगतो.

हा विषाणू पहिल्यांदा ओळखला गेला १९५७ साली, शिमोगा जिल्ह्यात, सोरब तालुक्यातल्या क्यासनूरच्या रानात. माकडे पटापट मरत होती आणि रानात जाणारी माणसे तापाने पडत होती. दक्षिण अमेरिकेत पिवळ्या तापाने माकडे मरतात, त्यामुळे पहिली धास्ती त्याचीच होती. पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, टेलफर्ड वर्क यांच्या हाताखाली शोध घेतला तेव्हा निघाले की हे भलतेच प्रकरण आहे. डासांचा इथे संबंध नव्हता. विषाणू गोचिडातून येत होता आणि रशियातल्या गोचीड-मेंदूज्वराच्या विषाणूचा तो नातेवाईक होता. पन्नासहून अधिक वर्षे हा आजार शिमोगा आणि आजूबाजूच्या जिल्ह्यांतच राहिला. मग तो बंदीपूर, वायनाडकडे दिसला, २०१५ मध्ये आपल्या सत्तरीत आला आणि २०१६ मध्ये शेजारच्या दोडामार्गात. डोंगर एकच आहे, त्याला तालुक्याची हद्द नाही.

ज्या गोचिडातून हा पसरतो त्याचे शास्त्रीय नाव हिमाफायसालिस स्पिनिगेरा. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे इतकेच की हे रानगोचीड आहे, आणि तुमच्या गोठ्यात गायीच्या कासेला, मांडीला जे करड्या रंगाचे, एरंडीच्या बीसारखे फुगलेले गोचीड लोंबताना दिसते, ते हे नव्हे. ते गोठ्याचे गोचीड. अळीपासून प्रौढापर्यंतचे तीनेक आठवड्यांचे सगळे आयुष्य ते एकाच गायीच्या अंगावर काढते. रक्त पिऊन मादी खाली पडते आणि भिंतीच्या फटीत दोन-तीन हजार अंडी घालते. ते गायीला छळते, रक्त कमी करते, बबेसिया नावाच्या जंतूने कॉफीसारखी लघवी आणि ताप आणते. पण माकडताप पसरवणारे ते नाही. दिसते ते गोचीड आणि धोका देते ते गोचीड यांत फरक आहे, हे एकदा समजले की पुढचे सगळे सोपे होते.

रानगोचिडाला आयुष्यात तीन यजमान लागतात. अंड्यातून सहा पायांची अळी निघते, ती उंदीर, चिचुंद्री, पक्षी, माकड असल्या प्राण्यांवर चढते. रक्त पिऊन खाली पडते, कात टाकते आणि आठ पायांचे पिल्लू होते. याला निम्फ म्हणतात. निम्फ पुन्हा लहान प्राण्यावर, माकडावर किंवा वाटेत आलेल्या माणसावर चढते. ते खाली पडून प्रौढ होते, आणि प्रौढाला मोठे जनावर लागते: गवा, सांबर, किंवा आपली गाय-म्हैस. आता विषाणू यात कुठे बसतो ते बघा. मादी आपल्या अंड्यांतून तो पुढे देते असे या गोचिडात ठळकपणे आढळलेले नाही. अळी बहुधा निर्मळ जन्मते. आजारी माकडाचे किंवा उंदराचे रक्त प्यायली की विषाणू तिच्यात शिरतो, कात टाकली तरी टिकतो, आणि निम्फ झाल्यावर तिच्या लाळेतून माणसात उतरतो. माणसाला चावतो तो निम्फच. तो खसखशीच्या दाण्याएवढा असतो. त्याच्या लाळेत रक्त गोठू न देणारे आणि दुखणे कळू न देणारे पदार्थ असतात, म्हणून दोन-तीन दिवस चिकटून बसला तरी कळत नाही.

दोन वर्षांपूर्वी एका पथकाबरोबर मी माघात काजूच्या बागायतीत गेलो होतो. मीटरभर पांढऱ्या फ्लॅनेलच्या कापडाला पुढे काठी बांधतात आणि ते पाचोळ्यावरून हळू ओढत नेतात. दहा-बारा पावले झाली की कापड उलटायचे. पहिल्या उलटण्याला मला काहीच दिसले नाही, नुसते धुळीचे कण. मग त्यातला एक कण चालायला लागला. मग दुसरा. बारीक चिमट्याने एकेक उचलून बाटलीत टाकताना आम्ही मोजले, त्या एका ओढीत एकोणीस निम्फ होते. ज्या झाडाखाली आम्ही उभे होतो तिथे एक बाई अनवाणी बसून बोंडूपासून बी पिळून वेगळी करत होती, मांडीशी टोपली, साडी पाचोळ्यात पसरलेली. तिला कापड दाखवले. ती झटकन उभी राहिली आणि आधी तिने शेजारी खेळणाऱ्या नातवाला उचलले. ते दृश्य माझ्या मनातून जात नाही. माणसांना धोका माहीत नसतो असे नाही, त्यांना तो दिसत नाही.

मग यात गायीचा वाटा किती? गायीला हा विषाणू लागला तरी ती आजारी पडत नाही. तिच्या रक्तात विषाणू थोडा आणि थोडाच काळ राहतो, प्रतिपिंडे तयार होतात आणि प्रकरण मिटते. तिचे रक्त पिऊन गोचिडांत विषाणू शिरतो असे नाही. तेव्हा दिराचा ताप गायीने दिला, हे मनातून काढून टाका. पण गाय दुसरे काम करते. ती प्रौढ गोचिडांना जेवू घालते. एकेक मादी तिच्या रक्तावर टम्म होऊन पाचोळ्यात अंडी घालते. बोशेल या शास्त्रज्ञाने १९६९ सालीच मांडले होते की रान तोडून वस्ती आणि गुरे आत सरकली, आणि गुरांच्या रक्तावर गोचिडांची संख्या बेसुमार वाढली. विषाणू रानात आधीपासून असावा, पण त्याला वाहून नेणारी फौज आपण गुरांच्या पाठीवर पोसली.

आता मला जे खरोखर सांगायचे आहे ते. या गोचिडाचा वार्षिक क्रम ठरलेला आहे. पहिला पाऊस पडला की प्रौढ बाहेर येतात, आषाढ-श्रावणात गुरांवर सर्वांत जास्त असतात. पावसाळ्यात अंडी पडतात. दसरा-दिवाळीच्या सुमारास अळ्या निघतात. निम्फ त्यानंतर, आणि पौष ते चैत्र त्यांचा भर. म्हणजे आपले काजू, आपला शिमगा आणि निम्फ एकाच वेळी डोंगरावर. ताप शिमग्याला येतो म्हणून सगळे जण तेव्हा जागे होतात, गोचिडाचे औषध तेव्हा मागतात, मीही आधी काही वर्षे तेव्हाच दिले. पण त्या वेळी गायीवर मारलेल्या औषधाने पाचोळ्यातला निम्फ मरत नाही, तो गायीवर नसतोच मुळी. गायीवरून या आजाराला हात घालायचा असेल तर तो मिरगात. मिरगाच्या सुरुवातीला एकदा, आणि मग श्रावण संपेपर्यंत तीन-तीन आठवड्यांनी. तेव्हा मारलेली प्रत्येक मादी म्हणजे पुढच्या हंगामातल्या शेकडो निम्फांची पिढी बुडाली. मिरगात कोणाला माकडतापाची आठवण नसते, सगळे तरव्यात आणि नांगरणीत असतात. म्हणून मी हे लिहून ठेवतो आहे.

औषध कोणते? दुभत्या गायीला फ्लुमेथ्रिनचे एक टक्का पाठीवर ओतायचे औषध मला सर्वांत बरे वाटते. वजनाच्या दर दहा किलोला एक मिली, खांद्यापासून शेपटीच्या मुळापर्यंत कण्यावर एका रेषेत. केस कोरडे हवेत, आणि तो दिवस गायीला छपराखाली ठेवायचे, नाहीतर आषाढाची सर सगळे धुऊन नेते. डेल्टामेथ्रिनचे १.२५ टक्क्यांचे किंवा अमिट्राझचे १२.५ टक्क्यांचे औषध वापरतात, पण दोन्हींची मात्रा एकसारखी नसते, बाटलीवरचे वाचून आणि दवाखान्यात विचारूनच पाणी मिसळा. फवारताना कानाच्या आतले अंग, गळ्याखालची पोळी, शेपटीखालचा भाग आणि कासेच्या वरची खोबण विसरू नका. रानगोचिडे कानात आणि पापणीवर बसतात. डोक्याला दिवा लावून कान उलटा करा म्हणजे कळेल, तपकिरी तिळासारखे दाणे रांगेने बसलेले असतात. आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन दुभत्या गायीला देऊ नका, ते दुधातून उतरते. भाकड गायीला, पाड्याला डॉक्टरांच्या हातून देता येते.

आणि एक विनवणी. भाताच्या किंवा सुपारीच्या फवारणीतले उरलेले कीटकनाशक गायीवर ओतू नका. एका घरी मला रात्री बोलावले होते. संध्याकाळी गायीला असेच औषध चोळले होते. गाय आडवी, तोंडातून फेस, अंगभर थरकाप, बाहुल्या टाचणीएवढ्या. ॲट्रोपीन दिले, पुन्हा दिले, पहाटेपर्यंत बसलो. गाय गेली. सात महिन्यांची गाभण होती. त्या घरातल्या माणसाने गोचिडाच्या त्रासाने कळवळून केले होते, त्याला मी काय बोलणार?

कानातली गोचिडे हाताने ओढून दोन नखांत चिरडण्याची सवय आपल्याकडे फार आहे. ती सोडा. चिमट्याने कातडीलगत पकडून सरळ वर ओढा, साबणाच्या पाण्याच्या डब्यात टाका, हात धुवा. हे रोज धार काढणाऱ्या बायकांना मी जास्त आग्रहाने सांगतो, कारण गायीशी सर्वांत जास्त जवळीक त्यांचीच असते.

गोठ्यातल्या पाचोळ्याचे काय, हे तुम्ही विचारले नाही, पण तो मला गायीहून जास्त महत्त्वाचा वाटतो. उन्हाळ्यात डोंगरावरून सुका पाला पाटीने आणून गोठ्यात अंथरायचा, शेणाबरोबर खत करायचे, ही आपली जुनी आणि चांगली रीत. पण शिमोग्यात २०११-१२ च्या साथीचा अभ्यास झाला तेव्हा घराभोवती सुक्या पाल्याचे ढीग असणे हे लागण होण्याशी जोडलेले आढळले. ज्या पाचोळ्यात निम्फ बसलेला आहे तोच आपण डोक्यावर घेऊन दारात आणतो. पौषापासून पहिल्या पावसापर्यंत डोंगरावरचा पाला गोठ्यात आणू नका. भाताचा पेंढा अंथरा, नाहीतर कुळागरातली, म्हणजे माड-पोफळीच्या बागेतली, झावळे तोडून वापरा. खताला पाला हवाच असेल तर पावसात भिजून कुजू लागल्यावर आणा.

दूध प्या. उकळून प्या, जसे आपण पितोच. युरोपातल्या याच्या भाऊबंद विषाणूची लागण शेळीच्या कच्च्या दुधातून होते हे खरे, पण माकडताप दुधातून झाल्याचा पुरावा नाही. डेअरीला दूध घालायला हरकत नाही.

वांदराबद्दल. आपल्याकडे वांदर किंवा माकड मेले की त्याला मारुतीचे रूप मानून कापड घालतात, नारळ फोडतात, चार जण खांदा देऊन पुरतात. ही माया मी जन्मापासून पाहिली आहे आणि तिचा मला आदर आहे. पण माकड थंड होऊ लागले की त्याच्या अंगावरची विषाणू भरलेली गोचिडे जागा सोडतात आणि जवळ येईल त्याच्यावर चढतात. म्हणून हात लांबूनच जोडा. वनखात्याला, आरोग्य केंद्राला किंवा आमच्या दवाखान्याला त्याच दिवशी कळवा. शव ताजे असेल तर पूर्ण संरक्षक पोशाखात मेंदू, यकृत, प्लीहा यांचे नमुने घेता येतात, कुजले की काही उपयोग राहत नाही. नंतर ते जाळतात आणि भोवतालच्या जागेत मॅलॅथिऑन या कीटकनाशकाची भुकटी मारतात. प्रत्येक माकड याच तापाने मरते असे नाही, विजेच्या तारेने मरतात, मारामारीत मरतात. पण डिसेंबर ते मे या काळात मेलेले माकड तपासल्याशिवाय सोडायचे नाही. तुमच्याकडचे आठ दिवसांचे झाले आहे, तरीही जागा दाखवून फवारणी करून घ्या आणि तोवर त्या अंगाला कोणी जाऊ नका, गायीही नकोत.

काजू सोडा असे मी म्हणणार नाही, वर्षाचा पैसा त्यात आहे. फिकट रंगाचे पूर्ण कपडे, पँटचे पाय मोज्यात, बूट. आरोग्य केंद्रातून मिळणारे गोचीड दूर ठेवणारे तेल हातापायांना लावा आणि काही तासांनी पुन्हा लावा. पाचोळ्यावर बसू नका, बोंडू पिळायला गोणपाटाऐवजी स्टूल न्या. घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात, आणि अंघोळ करताना काखा, कंबर, गुडघ्यामागे, कानामागे हात फिरवून बघा. लहान मुलांचे आईने बघावे.

लसीबद्दल लोक विचारतात. जुनी लस बंगळुरूच्या पशुवैद्यकीय जैविके संस्थेत बनत असे. दोन डोसांनी साधारण ६२ टक्के आणि बूस्टरसह ८३ टक्के संरक्षण मिळते असे शिमोग्यात दिसले होते. २०२२ मध्ये ती बंद झाली. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद नव्या लसीवर काम करते आहे. ती येईपर्यंत तेल, कपडे आणि मिरगातले औषध हीच आपली साधने.

गायी विकू नका. विशेषतः ती पांढरी. तुम्ही तिला ‘गावठी’ लिहिले आहे, पण वर्णनावरून ती श्वेतकपिला असावी. गोव्याची ही स्वतःची नोंदणीकृत जात आहे. दूध दोन-तीन लिटर देते, पण आपल्या डोंगरावर, आपल्या पावसात, थोड्या चाऱ्यावर तग धरते आणि गुरांच्या गोचीडतापाला संकरित गायीसारखी लगेच बळी पडत नाही. जर्सी रक्ताच्या तीन गायींना मात्र निम्फांच्या महिन्यांत डोंगरावर सोडण्यापेक्षा दारात चारा घाला, त्यांचे दूधही वाढेल. हत्तीगवताची चार-पाच ओळ कुळागराच्या पाटाकडेला लागते, ठोंब मी देतो.

दिराची तपासणी झाली की काय निघाले ते कळवा. आणि मे महिना संपायच्या आत दवाखान्यात एकदा या, वजनाचा अंदाज घेता यावा म्हणून येताना चारही गायींच्या छातीचा घेर सुतळीने मोजून आणा. औषधाची मात्रा तेव्हाच लिहून देतो, म्हणजे पहिली सर आली की तुम्हाला थांबावे लागणार नाही.